सेलू यांच्या चित्रातली गर्दी कोणाची?

आज आपण एकच चित्र घेऊ आणि त्यातली माणसं नीट बघू. हेन्री कोर्टनी सेलू या चित्रकाराने १८५१-५२ मध्ये रंगवलेलं हे तैलचित्र. प्रसंग १ मे १८५१ चा. लंडनच्या हाइड पार्कमध्ये, जोसेफ पॅक्स्टनने उभारलेल्या काचेच्या महालात, व्हिक्टोरिया राणी जागतिक प्रदर्शनाचं उद्घाटन करते आहे. चौथऱ्यावर राणी आणि प्रिन्स आल्बर्ट. भोवती अधिकारी, धर्मगुरू, परदेशी प्रतिनिधी. आणि मागे माणसंच माणसं.

चित्र बघून आपल्याला वाटतं, सगळं लंडन लोटलंय. पण तसं नव्हतं. त्या दिवशी प्रवेश फक्त सीझन तिकीट असलेल्यांना. पुरुषांना ३ गिनी, स्त्रियांना २. म्हणजे साध्या मजुराची कित्येक आठवड्यांची कमाई. आधी तर लोकांना आत न घेताच उद्घाटन करायचं घाटत होतं. १८४८ ची चार्टिस्ट चळवळ ताजी होती, गर्दीची धास्ती होती. वृत्तपत्रांनी ओरड केली, तेव्हा तिकीटवाल्यांसाठी दार उघडलं. सुमारे २५ हजार लोक आले. तेव्हा ही गर्दी खरी, पण निवडलेली.

आता उजवीकडे, पुढच्या बाजूला बघा. चिनी पोशाखातला एक गृहस्थ मान्यवरांत उभा आहे. हा ही सिंग. हा चीनचा राजदूत नव्हे. थेम्स नदीत नांगरलेल्या ‘कीइंग’ या चिनी जहाजाशी संबंधित माणूस. त्याने पुढे होऊन राणीला लवून वंदन केलं. चीनचा अधिकृत प्रतिनिधी तिथे नव्हताच, म्हणून त्यालाच मिरवणुकीत घेतलं. सेलूंनीही त्याला मानाची जागा दिली. जगातली सगळी राष्ट्रं जमली, हे दाखवायचं होतं ना!

आणि ज्यांची धास्ती होती, ते लोक? २६ मेपासून एका शिलिंगात प्रवेश सुरू झाला. कारागीर, मजूर, खेड्यातली कुटुंबं रेल्वेने आली. दंगा झाला नाही. ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन संपलं, तोवर एकूण भेटी ६० लाखांवर गेल्या होत्या. सेलूंच्या चित्रात हे लोक नाहीत. त्यांचा दिवस अजून उजाडायचा होता.

म्हणून ऐतिहासिक चित्रासमोर उभं राहिलो, की आपण दोन प्रश्न विचारायचे. यात कोण दिसतंय? आणि त्या दिवशी दाराबाहेर कोण होतं?