सोलापूर का तुटलं?

इतिहासाच्या पेपरात 'कारणे लिहा' असा प्रश्न आला की मुलं एक, दोन, तीन, चार आकडे टाकून मोकळी होतात. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडशी नातं का तोडलं? कर, व्यापारावरची बंधनं, चहा, पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी नाही. उत्तर बरोबर, मार्क पूर्ण. वणीत शिकवताना मी मात्र पुढे एक प्रश्न जोडतो: यातलं कोणतं कारण काढून टाकलं, तर नातं टिकलं असतं?

बहुतेक मुलं 'कर' म्हणतात. मग मी त्यांना चहाचा हिशेब सांगतो. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. ही तीच कंपनी, जिने पुढे १८१८ मध्ये पेशवाई संपवली. तरी त्या वर्षी १६ डिसेंबरला बोस्टनच्या लोकांनी ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. किंमत कमी झाली होती, पण तिच्यात एक लहानसा कर शिल्लक होता. तो भरणं म्हणजे जिथे आपला एकही माणूस बसत नाही, त्या सभेला आपल्या खिशात हात घालण्याचा हक्क आहे, हे मान्य करणं.

आता हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्राला विचारू. १९३० मध्ये सोलापूर इंग्रजी राजवटीपासून काही दिवस अक्षरशः तुटलं होतं. का तुटलं?

सुरुवात दोन वर्षं आधीची आहे. भारताला पुढे कोणते अधिकार द्यायचे हे ठरवायला सायमन कमिशन नेमलं गेलं. सदस्य सात, त्यात भारतीय एकही नाही. ३ फेब्रुवारी १९२८ ला ते मुंबईत उतरलं, तेव्हा 'सायमन परत जा' ही घोषणा दिली मुंबईच्या युसूफ मेहेरअलींनी. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी अकरा मागण्या मांडल्या. शेतसारा निम्मा करा, मिठावरचा कर काढा, दारूबंदी करा, परदेशी कापडावर जकात लावा. शेतकरी, मजूर, गिरणीवाला, प्रत्येकाचं दुखणं त्यात होतं. २ मार्चला त्यांनी व्हाइसरॉयला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तरात कायदा मोडण्याच्या बेताबद्दल खेद तेवढा आला, मागण्यांवर बोलणं नाही. १७७५ मध्ये वसाहतींनी राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला होता, तो तिसऱ्या जॉर्जने हातातही घेतला नव्हता. अर्ज करणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं की तो पुढच्या वेळी अर्ज घेऊन येत नाही.

सोलापूर गिरण्यांचं गाव. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मेला जमाव शिंदीची झाडं तोडायला गेला. ऐकायला विचित्र वाटतं, पण ताडी-माडीवरचा अबकारी कर ही सरकारची मोठी कमाई होती. झाड तोडणं म्हणजे सरकारची तिजोरी तोडणं, बोस्टनच्या चहासारखंच. पोलिसांनी धरपकड केली, गोळीबार झाला, माणसं मेली. चिडलेल्या जमावाने पोलिसांना मारलं, कोर्ट जाळलं. मारले गेलेले पोलिसही आपल्याच माणसांची लेकरं होती, हे वर्गात सांगायला मी चुकत नाही. त्यानंतर शहरात सरकार दिसेना. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवर व्यवस्था पाहू लागले.

१२ मेला लष्करी कायदा लागू झाला. गांधी टोपी घालणंही गुन्हा ठरलं. पुन्हा बोस्टन आठवतं. चहा काही लोकांनी फेकला, पण १७७४ मध्ये इंग्लंडने अख्खं बंदर बंद केलं आणि तोवर गप्प बसलेल्या वसाहतीही बोस्टनच्या बाजूला गेल्या. मूठभरांच्या कृत्यासाठी सगळ्या गावाला शिक्षा देणाऱ्या सरकारला गावात मित्र उरत नाहीत.

१२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार सोलापूरकरांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन तरुण होते, वृत्तपत्र चालवत, गिरणी कामगारांसाठी बोलत.

इथे माझ्या वर्गात हमखास प्रश्न येतो, "सर, म्हणजे आपलेही होते ना?" मोबाइलवर रोज काय काय वाचावं लागतं त्यातून तो येतो, हे मला कळतं. खरं सांगायचं तर १९३० मध्ये अनेक मोठे मुस्लिम पुढारी चळवळीपासून दूर राहिले. आणि त्याच मे महिन्यात, आपल्या वणीवरून सापुताऱ्याचा घाट उतरलं की लागणाऱ्या डांगच्याही पलीकडे जो वलसाड जिल्हा आहे, तिथे धारासण्याच्या मिठागराकडे निघालेल्या सत्याग्रहींच्या पुढे होते ७६ वर्षांचे अब्बास तय्यबजी. त्यांना १२ मेलाच अटक झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही शिकवायच्या.

पण कुर्बान हुसेन यांचं नाव देशप्रेमाचा दाखला म्हणून खिशात ठेवून फिरणं मला पटत नाही. दाखला त्याने दाखवावा, ज्याचं तिथे असणं नवलाचं असतं. सोलापूर का तुटलं याची कारणं नीट लिहिली, तर ते तिथे का होते हे वेगळं विचारावंच लागत नाही. मीठ त्यांच्या घरातही लागत होतं. ज्या गिरणीत शिंदे आणि धनशेट्टी आडनावाचे कामगार घाम गाळत, तिथेच हुसेन आणि शेख आडनावाचेही गाळत. सायमन कमिशनमध्ये हिंदूला जागा नव्हती तशी मुसलमानालाही नव्हती.

म्हणून मुलांनो, कारणं पाठ करा, पण शेवटी एक ओळ स्वतःची लिहा: ही कारणं कोणाकोणाच्या घरात होती? त्या ओळीला बोर्डात वेगळे मार्क नाहीत. मी मात्र वही तपासताना आधी तीच पाहतो.