वाकड्या घड्याळाची सरळ गोष्ट

आजच्या भागात आम्ही तुम्हाला एका घड्याळाची गोष्ट सांगणार आहोत. घड्याळ सोन्याचं आहे, मनगटावर बांधायचं आहे आणि चांगलंच वाकडं आहे.

एक लांबट, अंडाकृती घड्याळ डोळ्यांपुढे आणा. आता ते ऊन लागून मऊ झालंय आणि कुणीतरी त्याला एका बाजूनं चिमटा काढलाय, असं समजा. तबकडीवरचे रोमन आकडे कुठे ताणलेले, कुठे दबलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, हे नक्की कशाखाली तरी सापडलं असणार. १९६७ साली लंडनमधल्या कार्टिअर या जवाहिऱ्याच्या पेढीनं ते घडवलं आणि त्याला नाव दिलं 'क्रॅश'. क्रॅश म्हणजे अपघात.

नावच असं म्हटल्यावर गोष्ट जन्माला यायला कितीसा वेळ लागणार? सांगतात ते असं. एका गिऱ्हाइकाच्या मोटारीला अपघात झाला, गाडीनं पेट घेतला आणि हातातलं अंडाकृती घड्याळ वितळून वाकडं झालं. ते दुरुस्तीला आलं, मालकांना तो आकार आवडला आणि तसंच नवं घड्याळ करायचं ठरलं. दुसरी गोष्ट चित्रकार साल्वादोर दालीची. त्यानं १९३१ साली वितळलेल्या घड्याळांचं एक चित्र काढलं होतं, त्यावरून म्हणे हे सुचलं. दोन्ही गोष्टी पन्नास वर्षं जगभर फिरल्या. ऐकायला त्या छान आहेत. पण दोन्हींमध्ये घड्याळ बनवणारी माणसं कुठेच नाहीत.

थोडं मागे जाऊ या, कारण मनगटी घड्याळाच्या इतिहासात बायकांचा मान पहिला आहे. नेपोलियनची धाकटी बहीण कॅरोलिन मुरा ही नेपल्सची राणी होती. तिनं १८१० साली पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीकडे मनगटावर बांधायचं घड्याळ मागितलं. १८१२ मध्ये ते तयार झालं. ते आज कुठे आहे, कुणाला माहीत नाही. पण पेढीच्या वहीत त्याची नोंद आहे, म्हणून आपल्याला ही हकिगत कळते. पुढे शंभरेक वर्षं युरोपातले पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवत आणि मनगटावरच्या घड्याळाला 'बायकी दागिना' म्हणून हसत. मग पहिलं महायुद्ध आलं. खंदकात बंदूक सांभाळत खिसा चाचपायचा कुणी? सैनिकांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि हसणं थांबलं. आपल्याकडे तर पुढे लग्नात घड्याळ जावयाला देण्याची रीत पडली, आणि नवरीच्या मनगटावर राहिल्या बांगड्या!

आता वाकड्या घड्याळाकडे येऊ. १९६०च्या दशकातलं लंडन म्हणजे आखूड स्कर्टचं, नव्या गाण्यांचं, जुनं झुगारून देणाऱ्या तरुणांचं शहर. तिथल्या गिऱ्हाइकांना कुणाकडेच नाही असं काहीतरी हवं होतं. लंडनच्या पेढीचे मालक जाँ-जाक कार्टिअर आणि त्यांचे चित्रकार रूपर्ट एमर्सन यांनी आधीच चालू असलेलं अंडाकृती घड्याळ घेतलं, त्याची टोकं चिमटली, मध्ये बाक दिला. अपघातात सापडल्यासारखं दिसावं, ही त्यांचीच कल्पना होती. अपघात प्रत्यक्ष झाला नव्हता, कागदावर काढला होता.

खरी परीक्षा पुढेच होती. घड्याळ वाकडं असो की सरळ, काटे आपले गोलच फिरतात. तासकाटा दर तासाला ३० अंश सरकणार. म्हणजे बाहेरची कड कितीही वेडीवाकडी असली, तरी प्रत्येक आकडा मधल्या खिळीपासून नेमक्या दिशेलाच यायला हवा. नाहीतर तीन वाजले असताना घड्याळ भलतंच दाखवणार. म्हणून एमर्सननी तबकडी हातानं रंगवली, आकडे ताणले, दाबले, पण दिशा चुकू दिली नाही. सोन्याची डबीही कारागिरांनी हातानंच घडवली, आणि त्या वाकड्या पोटात सरळ यंत्र बसवलं. बघणाऱ्याला जो निष्काळजीपणा वाटतो, तो मोजून मापून केलेला आहे. अशी घड्याळं त्या वेळी फार थोडीच झाली. स्ट्युअर्ट ग्रेंजर या नटानं एक घेतलं आणि काही दिवसांतच परत आणून दिलं. त्यालाही ते जरा जास्तच वाटलं! त्याच काळातलं एक 'क्रॅश' २०२२ साली लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं.

मग ही खरी हकिगत कळली कशी? ती सांगितली एका नातीनं. फ्रान्सेस्का कार्टिअर ब्रिकेल ही जाँ-जाक यांची नात. २००९ साली आजोबांच्या नव्वदाव्या वाढदिवसाला ती शॅम्पेनची बाटली आणायला तळघरात गेली, आणि तिथे तिला एक जुनी पेटी सापडली. आत घराण्याची पत्रंच पत्रं. तिचे पणजोबा जाक कार्टिअर १९११ च्या दरबारासाठी दिल्लीला आले होते. अशा कितीतरी प्रवासांचे धागे तिला पुढे जोडता आले. पण ती नुसती पत्रं वाचत बसली नाही. आजोबांजवळ बसून विचारत राहिली, टिपून घेत राहिली. २०१० मध्ये आजोबा गेले. पुढे अनेक वर्षं खपून तिनं घराण्याचा इतिहास लिहिला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एमर्सनचं नाव आणि त्या वाकड्या आकाराचा उगम त्यातून जगापुढे आला.

पेटी सापडली २००९ ला, आजोबा गेले २०१० ला. मैत्रिणींनो, मध्ये किती थोडा वेळ होता बघा. एवढ्या श्रीमंत, नावाजलेल्या पेढीची ही गत. मग ज्यांच्या कामाची कधी वहीच ठेवली गेली नाही, त्यांचं काय?

म्हणून आम्हाला हे घड्याळ महत्त्वाचं वाटतं. किमतीसाठी नाही. वस्तू टिकते, तिच्याभोवती एखादी चटकदार गोष्टही टिकते, पण घडवणाऱ्याचं नाव आधी पुसलं जातं. 'अपघातानं झालं', 'आपोआप जमलं', 'हाताला गुण आहे', असं म्हटलं की कष्टांचा हिशेब विचारायची गरजच उरत नाही. बायकांच्या कामाबद्दल हे शब्द आपण किती वेळा ऐकतो!

तुमच्या घरात एखादी जुनी गोधडी असेल, पाटल्या असतील, कुणी भरलेला रुमाल असेल. तो कुणी केला, कसा केला, किती दिवस लागले, हे सांगणारं माणूस अजून घरात असेल तर या आठवड्यातच विचारा. तारीख घालून वहीत लिहा, किंवा फोनवर त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवा. आणि जमलं तर आमच्याकडे पाठवा. पुढच्या भागांत आम्ही ते नावानिशी ऐकवू.