पोलंडचा शेजारधर्म

गमावलेल्या भूमीचा मोह आवरणें राष्ट्रांस फार कठीण जातें. दुसऱ्या महायुद्धांत विल्नो व ल्वूफ हीं पोलिश संस्कृतीचीं माहेरघरें पोलंडच्या हातचीं गेलीं. परंतु पॅरिसजवळून निघणाऱ्या ‘कुल्तुरा’ मासिकांतून गेद्रोइत्स व मिएरोशेव्स्की यांनीं स्वजनांस कटु सत्य सांगितलें : युक्रेन, लिथुआनिया व बेलारूस स्वतंत्र झाल्यावांचून पोलंडचें स्वातंत्र्य निर्धास्त नाहीं, सबब त्या शहरांवरील हक्क सोडा. १९८९ मध्यें कम्युनिस्ट सत्ता गेल्यावर परराष्ट्रमंत्री स्कुबिशेव्स्की यांनीं हाच मार्ग धरिला. २ डिसेंबर १९९१ रोजीं युक्रेनला प्रथम मान्यता दिली ती पोलंडनेंच. १९९४ मध्यें लिथुआनियाशीं मैत्रीचा तह झाला. व्होल्हिनियांतील १९४३ च्या कत्तलींची जखम अद्याप ओली आहे. तथापि २०२२ मध्यें रशियानें स्वारी करतांच लक्षावधि युक्रेनी निर्वासितांस पोलंडनें आसरा दिला. हक्क सोडून पोलंडनें शेजारी जोडला, तो असा.