चरणजित सिंग यांची तबकडी आणि एक गाळणी

आमच्या सोमेश्वरनगरला 'गाळप' म्हटलं की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. सिंथेसायझरमध्येही गाळपच चालतं. यंत्र आधी एक कर्कश, सगळी कंपनं भरलेला आवाज तयार करतं. मग फिल्टर त्यातलं नको ते गाळतो. उरलं ते संगीत.

या गाळणीची गोष्ट मुंबईच्या चरणजित सिंग यांच्यापाशी येते. ते हिंदी चित्रपटसंगीतातले वादक होते. बास गिटार, सिंथेसायझर वाजवायचे. 1980 च्या 'कुर्बानी'त बिद्दू आणि नाझिया हसन यांच्या गाण्याने देशाला डिस्कोचं वेड लावलं होतं. त्याच लाटेत 1982 साली सिंग यांनी भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. हाताशी रोलंड कंपनीची तीन यंत्रं होती: ठेक्याला टीआर-808, रागाच्या सुरावटीला ज्युपिटर-8 आणि खालच्या बासला टीबी-303. तबकडी एचएमव्हीने काढली. ती चालली नाही.

आता 303 च्या पोटात डोकावू. अमेरिकेच्या रॉबर्ट मूग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीसारख्या रचून फिल्टर केला होता. त्याचं पेटंट 1969 चं. रोलंडच्या शिडीत डायोडसारखे जोडलेले ट्रान्झिस्टर आहेत. डायोडमधून प्रवाह वाढवला की त्याचा विरोध कमी होतो आणि जास्त उंच कंपनं पार होतात. प्रवाह घटवला की कपॅसिटर ती जिरवून टाकतात आणि आवाज घुमा होतो. म्हणजे गाळणीची छिद्रं विजेने लहानमोठी करता येतात. शिवाय बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग पुन्हा आत सोडला की कापण्याच्या सीमेवरची कंपनं उसळतात आणि तो ओला, किंचित कुरकुरणारा सूर ऐकू येतो.

हा फिल्टर 18 डेसिबलचा, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. मंडलाचा नकाशा पाहिला तर पायऱ्या चार आहेत; पायरीला सहा धरले तर 24 होतात. गोंधळ का? एक कपॅसिटर बाकी तिघांच्या जवळपास निम्मा आहे, आणि पायऱ्या एकमेकींपासून अलग नाहीत. एकीचा भार दुसरीवर पडतो. त्यामुळे आवाज एकदम कापला जात नाही, हळूहळू उतरतो. हिशेबाने पाहिलं तर हा सुबक फिल्टर नव्हेच.

रागाला हे यंत्र कसं मानवलं? पेटीची आठवण काढा. मींड निघत नाही म्हणून 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. उरसातली कव्वाली आणि नाट्यसंगीत मात्र पेटीवाचून अडलं असतं. 303 चे सूरही पेटीसारखेच ठरलेले, पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. अस्सल मींड ती नव्हे. तिच्या जवळपास जाते एवढंच.

1987 मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने त्याच 303 वर 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि 'ॲसिड हाउस' हा प्रकार गाजला. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला 2002 साली दिल्लीत सिंग यांची तबकडी सापडली, 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि 'ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा!' अशी आवई उठली.

मला हे पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती, याला पुरावा नाही. दोघांमध्ये नातं आहे ते एका मंडलाचं. शिकागोत फिल्टरची कळ फिरवणं हीच सुरावट झाली. मुंबईत 303 खाली राहिला आणि वर राग चालला. सिंग राग वाजवत होते. त्यांना परक्या घराण्याचे पूर्वज ठरवून आपण त्यांचा मान वाढवत नाही, उलट त्यांनी केलेलं खरं काम झाकतो. 1982 मध्ये ते आपणच ऐकलं नव्हतं.

उतारवयात त्यांना युरोपातून बोलावणी आली आणि त्यांनी तिथे हेच राग मंचावर वाजवले. जुलै 2015 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.