एम. एस. एम.ची मालगाडी

भारतीय रेल्वेचा इतिहास महाराष्ट्रात बहुधा १६ एप्रिल १८५३ या दिवसापासून सांगितला जातो. त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी उतारूंची होती. परंतु त्याच्याही पूर्वी, १८३७च्या सुमारास, मद्रास शहराजवळच्या रेड हिल्स येथून चिंताद्रिपेटकडे रस्तेबांधणीचा दगड आणण्यासाठी रूळ घातले गेले होते. या देशात रुळांवरून आधी माल धावला. उतारू मागाहून आला. तरीही पुढे इतिहास लिहिला गेला तो मेल आणि एक्स्प्रेस गाड्यांचाच. मालगाडी ही लूप लाईनवर तासन्‌तास उभी राहणारी, वेळापत्रकात नाव नसलेली गाडी. तिच्यावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या आठवणीही तशाच बाजूला पडल्या. मद्रास आणि मराठी मुलूख यांना जोडणाऱ्या एका जुन्या लोहमार्गाच्या निमित्ताने त्या आठवणींकडे पाहणे उचित ठरेल.

मद्रास रेल्वेची पहिली गाडी १ जुलै १८५६ रोजी रोयापुरमहून वालाजा रोडपर्यंत गेली. १८७१ मध्ये याच कंपनीचा वायव्येकडील फाटा रायचूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला मिळाला आणि मुंबई व मद्रास ही दोन बंदरे रुळांनी जोडली गेली. पाचच वर्षांनी या मार्गाची कठोर परीक्षा झाली. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतावर आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. बंगाल व ब्रह्मदेशातून जहाजांनी आलेल्या तांदळाच्या पोत्यांच्या राशी मद्रासच्या किनाऱ्यावर लागल्या. तेथून मालगाड्या ते धान्य आत नेऊ लागल्या; पण रूळ होते तेथपर्यंतच. धारवाड, बेळगाव, कलादगी या जिल्ह्यांत रूळ नव्हते. बैलगाड्यांवर भिस्त ठेवावी, तर चारा-पाण्यावाचून बैलच मेलेले. स्टेशनावर धान्य आणि चार दिवसांच्या वाटेवर उपासमार, असे विपरीत चित्र त्या वर्षांनी दाखवले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आगगाडीने जसे धान्य आणले, तसेच अधिक भाव मिळेल तिकडे ते नेलेही. ज्याच्या हाती पैसा नाही, त्याला मालधक्क्यावरच्या पोत्याचा काही उपयोग नव्हता. तरीही १८८०च्या दुष्काळ आयोगाने निवारणाच्या उपायांत लोहमार्गांना महत्त्वाचे स्थान दिले. त्याच विचारातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. सांगली, मिरज, जमखिंडी, मुधोळ यांसारख्या संस्थानांचा प्रदेश इंग्रजी दप्तरात ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणून ओळखला जाई. त्यावरून कंपनीला हे नाव मिळाले. मुख्य कचेरी धारवाडला होती आणि रूळ मीटरगेजचे होते. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, गदग, गुंतकल ही नावे एका माळेत ओवली गेली. दुष्काळात धान्य पोहोचवणे हा हेतू या मार्गाच्या जन्माशीच जोडलेला होता.

१ जानेवारी १९०८ रोजी ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र आल्या आणि ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ उभी राहिली. सामान्यांच्या तोंडी ती ‘एम. एस. एम.’ झाली. मुख्य कचेरी मद्रासला गेली. १९२२ मध्ये सेंट्रल स्टेशनाजवळ तिच्यासाठी दगडी भव्य वास्तू उभी राहिली. अशा रीतीने मराठ्यांचे नाव मद्रास शहराच्या मध्यभागी जाऊन बसले आणि मालाच्या डब्यांवरील अक्षरांतून गावोगाव फिरू लागले. त्या डब्यांना मराठी माणसाने ‘वॅगन’ म्हटले नाही. ‘वाघीण’ म्हटले आणि तो शब्द कायमचा आपलासा केला.

कंपन्या एक झाल्या, पण रूळ एक झाले नाहीत. मद्रासचा रूळ ब्रॉडगेजचा, १६७६ मिलिमीटर रुंदीचा. मराठा विभागाचा मीटरगेजचा, १००० मिलिमीटरचा. बेळगावचा वा हुबळीचा माल मद्रासला धाडायचा, तर वाटेत गुंतकल किंवा बंगलोरसारख्या ठिकाणी एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. दोन वाघिणी समोरासमोर उभ्या करायच्या, मध्ये फळी टाकायची आणि पाठीवर पोते घेतलेल्या हमालांची रांग सुरू व्हायची. या उतरवाचढवीत पोती फाटत, डबे फुटत, गूळ पाझरे आणि वजनात तूट येई. मग व्यापारी व मालबाबू यांच्यात बिल्टीवरून वाद होत. रुळांतल्या पाऊण मीटरहूनही कमी फरकाने हजारो हमालांना कित्येक दशके काम दिले आणि त्यांची कंबर मोडली, हेही तितकेच खरे.

मद्रास शहरात हा माल रोयापुरम, सॉल्ट कोटर्स आणि बंदर या परिसरात गोळा होई. सॉल्ट कोटर्स या नावातच मिठाची कोठारे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस स्प्रिंग हे मद्रास बंदराचे प्रमुख झाले. ते मूळचे रेल्वेचेच अभियंता. त्यांच्या कारकिर्दीत बंदराची नव्याने आखणी झाली आणि धक्के व रेल्वे यांची सांगड पक्की झाली. भुईमूग, कातडी, कापूस जहाजांकडे जाई. परदेशी माल वाघिणींत भरून आतल्या प्रांतांकडे निघे. पेरांबूरला कारखाने, बेसिन ब्रिजला इंजिनांची शेड आणि पुढे तोंडियारपेटला मोठे यार्ड असा मालवाहतुकीचा संसार उत्तर मद्रासमध्ये पसरला होता.

यार्डातले काम शहराला दिसत नसे. एका गाडीने आलेल्या वाघिणी दहा गावांच्या असत. त्या सोडवून, ज्या दिशेच्या त्या रुळावर लावून नवी गाडी जुळवायची, हे शंटिंगचे काम रात्रंदिवस चाले. हातात कंदील घेतलेला नंबर टेकर प्रत्येक वाघिणीचा क्रमांक, मालक-रेल्वे आणि लेबलावरचे गाव टिपून घेई. एक लेबल पावसाने पुसले गेले की ती वाघीण आठवडेच्या आठवडे कोठल्या तरी सायडिंगवर पडून राही. सांधेवाला आणि शंटिंग पोर्टर दोन वाघिणींच्या मध्ये शिरून साखळी अडकवत. बफरमध्ये सापडून जीव गमावण्याचा धोका त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होता.

गाडी तयार झाली की कॉलमन वही घेऊन रेल्वे कॉलनीत येई. मध्यरात्री दारावर थाप पडे, वहीत सही होई आणि ड्रायव्हर, फायरमन, गार्ड आपापली पेटी घेऊन निघत. लोखंडी लाईन बॉक्समध्ये दिवे, झेंडे, फटाके आणि नियमपुस्तकाबरोबर तांदूळ, डाळ, मीठ असे. कारण परत केव्हा येणार हे कोणालाच ठाऊक नसे. मेल गाडी आली की मालगाडी लूपमध्ये. एक्स्प्रेस आली की पुन्हा लूपमध्ये. एकेरी मार्गावर पुढील स्टेशनाची परवानगी म्हणून यंत्रातून निघालेला पोलादी गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्यासह धावत्या इंजिनाकडे दिला जाई. रात्री मशालीच्या उजेडात ते कडे हातात झेलणे हे फायरमनचे कौशल्य. तो गोळा हाती असल्याशिवाय पुढे जाण्याचा अधिकार ड्रायव्हरला नव्हता.

सर्वांत एकाकी नोकरी गार्डची. शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये ना पंखा, ना दिवा, ना सोबत. वळणावर डोके बाहेर काढून तो सारी गाडी न्याहाळत असे. वाघिणीच्या आसाच्या पेटीतील तेल संपले की आस तापून धूर निघे. तो वेळीच दिसला नाही तर आस मोडून गाडी घसरण्याची भीती. चढ-उतारावर साखळी तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तर मागचा तुकडा हातब्रेकने धरून ठेवणे त्याच्याकडे. मध्येच गाडी अडकून पडली, की कंदील घेऊन त्याने मागे चालत जायचे. ब्रॉडगेजवर सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर तीन फटाके रुळावर बांधायचे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर सावध होईल. पावसात, अंधारात, एकट्याने केलेल्या या पायपिटीवर कित्येक अनोळखी उतारूंचे प्राण अवलंबून असत.

स्वातंत्र्यानंतर १४ एप्रिल १९५१ रोजी एम. एस. एम., साउथ इंडियन आणि म्हैसूर स्टेट या रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे झाली. ‘मराठा’ हे नाव फलकांवरून आणि वाघिणींवरून उतरले. कामाचे तास मात्र तेच राहिले. चौदा-चौदा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ इंजिनावर काढणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट १९७३ मध्ये देशभर काम थांबवले, तेव्हा सरकारने दहा तासांच्या कामाची मागणी तत्त्वतः मान्य केली. पुढील वर्षीच्या ८ मेपासून झालेल्या देशव्यापी संपातही कामाचे तास हा एक प्रमुख प्रश्न होता. तो संप कठोरपणे मोडला गेला. अनेक रेल्वे कुटुंबांनी तुरुंग आणि बडतर्फी पाहिली. ज्यांच्या श्रमावर देशाच्या घराघरांत धान्य व कोळसा पोहोचत होता, त्यांना वेळेवर घरी पोहोचता यावे, एवढ्यासाठी हा झगडा होता.

त्यानंतर मालवाहतुकीचे रूप पालटले. चार चाकी वाघिणी जाऊन आठ चाकी आल्या, साखळीच्या जागी आपोआप जुळणारे कपलर आले. एकाच मालाची पूर्ण गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची पद्धत रूढ झाली आणि यार्डांतले शंटिंग ओसरले. गेज-बदलाने हमालांच्या रांगा संपवल्या. पोलादी गोळे संग्रहालयांत गेले. २०२२ मध्ये गार्ड हे पदनामही ‘ट्रेन मॅनेजर’ झाले.

या बदलांविषयी खंत करण्याचे कारण नाही. वाघिणींच्या मध्ये शिरणाऱ्या माणसाचा जीव वाचला, ही प्रगतीच होय. परंतु दुष्काळात धान्य पोहोचावे म्हणून घातलेल्या रुळांवरून पुढची पाऊणशे वर्षे माल सुखरूप नेला, तो कंपनीच्या भागधारकांनी नव्हे. पाठीवर पोते घेतलेल्या तेलुगू हमालाने, कोळसा लोटणाऱ्या तमिळ फायरमनने, कंदील घेऊन चालणाऱ्या मराठी वा कानडी गार्डाने तो नेला. सेंट्रल स्टेशनाशेजारची ती दगडी वास्तू आज दक्षिण रेल्वेचे मुख्यालय आहे. तिच्या इतिहासात मराठी मुलुखाचे नाव आहे, तसेच या माणसांचे श्रमही आहेत. पुढील पिढीला पहिल्या उतारू गाडीबरोबर ही मालगाडीही शिकवली गेली, तरच रेल्वेचा इतिहास पूर्ण सांगितल्यासारखे होईल.