हिजाजच्या खाणीचा दीनार

लंडनमधल्या मॉर्टन अँड ईडन या लिलावगृहात 4 एप्रिल 2011 रोजी एक दीनार विकला गेला. वजन सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, आकार आपल्या जुन्या चार आण्यांएवढा, साल हिजरी 105, म्हणजे इ.स. 723-24. लिलाव करणाऱ्यांचा अंदाज तीन ते चार लाख पौंडांचा होता. प्रत्यक्षात 37 लाख 20 हजार पौंड आले. त्या वेळच्या दराने ते 26 कोटी रुपयांहून अधिक होतात. ऑक्टोबर 2019 मध्ये त्याच लिलावगृहात अगदी असाच दीनार पुन्हा आला आणि तोही 37 लाखांवर गेला. पहिली किंमत म्हणजे दोघा हट्टी धनिकांची चुरस होती, असे म्हणायची सोय त्यामुळे राहिली नाही.

ग्रॅममागे सुमारे पावणेनऊ लाख पौंड! सोन्याला हा भाव नसतो, हे सांगायला सराफ नको. मग हा भाव कशाचा?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हिजरी 77 पर्यंत (इ.स. 696-97) मुस्लिम राज्यात रोमी सोन्याची आणि इराणी चांदीची नाणी किंवा त्यांच्या नकलाच चालत. खलिफा अब्दुल मलिक बिन मरवान यांनी त्या साली चित्रे काढून टाकली आणि नाण्यावर केवळ अक्षरे आणली. कलमा, सूरह इख्लासचे शब्द, आणि हा दीनार अमुक साली पाडला एवढा मजकूर. खलिफाचे नाव नाही, सहसा टांकसाळीचेही नाही. वजन एक मिस्काल. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे, लिपी आमच्या रोजच्या ओळखीची. तरी त्या कूफी अक्षरांना नुक्ते नसल्याने पहिल्यांदा वाचताना आम्हीही अडखळतो.

या सुधारणेचा गाभाच असा की एक दीनार दुसऱ्या दीनाराबरोबर असावा. जकातीचा निसाब वीस दीनार. सव्वाचारने गुणले की 85 ग्रॅम होतात. आपल्याकडे साडेसात तोळे, म्हणजे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम धरतात. हिशेब थोडा वेगळा, पण दोन्हींच्या मुळाशी तेच वीस दीनार आहेत.

लंडनच्या दीनारावर मात्र एक ओळ जास्त आहे: ‘मअदिन अमीरुल मोमिनीन बिल हिजाज’, हिजाजमधील अमीरुल मोमिनीनची खाण. दुसऱ्या यजीदचे शेवटचे आणि हिशामचे पहिले वर्ष ते. मक्का-मदिना परिसरातली बनी सुलैमची खाण ती हीच, असे बरेच अभ्यासक मानतात. आजच्या सौदी अरबस्तानातल्या स्थळाचा उल्लेख करणारे इतके जुने इस्लामी नाणे दुर्मीळच; असे जेमतेम डझनभर दीनार ज्ञात आहेत. ही ओळ नसलेला त्याच काळातला दीनार काही शे किंवा फार तर हजार-दोन हजार पौंडांत मिळतो. सोने तेच, वजन तेच. सारा भाव त्या ओळीचा.

दुसरी गोष्ट जपणुकीची. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी 1949 साली तांब्याच्या जुन्या सेंटसाठी 1 ते 70 अशी गुणांची पट्टी काढली. मजा अशी की ती मुळात भाव काढायचीच रीत होती: नाण्याची मूळ किंमत गुणांनी गुणा, झाला भाव! तो गुणाकार फार दिवस टिकला नाही, पट्टी मात्र टिकली. 1986 पासून तिकडे कंपन्या नाणे तपासून, गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करू लागल्या. आता 65 आणि 66 गुणांच्या नाण्यांतला फरक आपल्या डोळ्यांना दिसतही नाही, पण भाव कित्येकदा दुपटीच्या पुढे जातो. एका गुणासाठी झुरणारे आमचे विद्यार्थी हे लगेच समजून घेतील.

शिवाय छापून येणारी किंमत विकणाऱ्याच्या हाती पडत नाही. 2011 मध्ये हातोडा पडला तो 31 लाखांवर. वरचे 6 लाख 20 हजार, म्हणजे वीस टक्के, घेणाऱ्याकडून लिलावगृहाने आकारले. विकणाऱ्याकडूनही सहसा कमिशन कापले जातेच. व्यापाऱ्याचे गणित वेगळे. नाणे त्याच्याकडे वर्षानुवर्षे पडून राहू शकते, खोटे निघाले तर नुकसान त्याचे. म्हणून तो घेताना कमी देतो आणि विकताना जास्त मागतो. हे समजण्यासारखे आहे. पण समोरच्याला आपल्या हातात काय आहे हेच ठाऊक नसेल, तर तो नफा जोखमीचा राहत नाही, अज्ञानाचा होतो.

आणि इथे प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. शहाजहानच्या रुपयावर कलमा असे. नाणे कुणाच्याही पायाखाली येते म्हणून औरंगजेबाने तो काढला. कलम्याचा असा रुपया काही घरांत बरकतीसाठी जपलेला असतो. सणाला तो चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करतात, किंवा डाख देऊन कडी लावून गळ्यात घालतात. संग्राहकाच्या लेखी दोन्ही जखमाच. घासलेल्या नाण्याची मूळ कांती परत येत नाही, डाखाचा डागही जात नाही. मग अडचणीच्या दिवसात ते तराजूत जाते आणि साडेअकरा ग्रॅम चांदीचा भाव हातावर पडतो. निदान आधी त्यावरचे साल आणि टांकसाळ वाचून घ्यावी. उर्दू येणाऱ्या घराला त्यासाठी कुणा तज्ज्ञाची फी भरावी लागत नाही. बादशहाचे नाव, हिजरी साल, ‘जर्ब’ शब्दाशेजारचे गाव, सगळे आपल्याच लिपीत आहे.

वारशाचे नाणे देशात विकता येते. शंभर वर्षांहून जुने नाणे मात्र 1972 च्या कायद्याने खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, म्हणजे लंडनचा हातोडा आपल्यासाठी नाहीच. आणि शेत नांगरताना हंडा लागला, तर 1878 चा कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचे सापडले की कलेक्टरला कळवावे लागते.