सांडपाण्यातली आम्ले मोजताना

आसवनीचा स्पेंटवॉश पचवणाऱ्या बायोगॅस टाकीत अ‍ॅसेटिक, प्रोपिओनिक आम्ले साचली की मिथेन देणारे जिवाणू मंदावतात. त्यामुळे ती मोजावीच लागतात. पूर्वी नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल घालून तो उकळत, वाफ थंड करत आणि ब्युरेटमधून थेंबथेंब अल्कली सोडून टायट्रेशन करत. हाती येणारा आकडा मात्र सगळ्या बाष्पनशील आम्लांचा एकत्रितच. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-क्रोमॅटोग्राफीने ही आम्ले सुटी केली. गंमत म्हणजे नळीच्या टोकाशी मोजणी टायट्रेशननेच होई! त्याच दशकात डाऊ कंपनीत गोल्की आणि मॅकलॅफर्टी यांनी वायू-क्रोमॅटोग्राफीला रेणूंचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडला. सहज वाफ न होणाऱ्या आम्लांसाठी द्रव-क्रोमॅटोग्राफी सोयीची ठरली. तिच्यातला द्रव थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडणे अवघड होते. १९८०च्या दशकात जॉन फेन यांच्या इलेक्ट्रोस्प्रेने ते साधले.